मूठ नेमकी सरकते कुठे? एका लाँगबोच्या चामडी वेष्टनाचे प्रकरण

या प्रकरणातले धनुष्य म्हणजे ६८ इंची लाँगबो. आत मेपल लाकडाच्या पातळ पट्ट्या, पाठीवर आणि पोटावर काळ्या फायबरग्लासचा एकेक थर, मधोमध कठीण लाकडाची मूठ आणि तिच्यावर तपकिरी चामड्याचे वेष्टन अशी त्याची घडण होती. धनुष्याचे पोट म्हणजे तिरंदाजाकडची बाजू आणि पाठ म्हणजे लक्ष्याकडची, हे नवख्या वाचकांसाठी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे हे शब्द वारंवार येतील. २८ इंच ओढीला, म्हणजे दोरी मुठीपासून साधारण तेवढ्या अंतरावर खेचल्यावर, या धनुष्याची ताकद ३५ पौंड आहे. पण ते वापरणाऱ्या बाईंची ओढ २६ इंचांची असल्याने त्यांच्या वाट्याला प्रत्यक्षात ३० पौंडांच्या आसपासच भार येतो. बाई रत्नागिरीत शाळेत शिकवतात, दोरी उजव्या हाताने ओढतात आणि मूठ डाव्या हातात धरतात. धनुष्य त्यांनी पुण्यातल्या एका तिरंदाजाकडून वापरलेले घेतले होते. त्या गृहस्थांचा पंजा बाईंच्या पंजापेक्षा बराच मोठा आहे.

तक्रार अशी होती की सुरुवातीचे बाण व्यवस्थित जातात, मग घाम सुटतो, मूठ हातात सरकू लागते आणि बाण लक्ष्यावर डावीकडे-उजवीकडे पसरतात. कोकणातल्या दमट हवेत तळहाताचा घाम लवकर वाळत नाही, आणि वेष्टनाचे चामडे गुळगुळीत व चकचकीत होते. त्यामुळे दोष चामड्याच्या पृष्ठभागाचा आहे असे बाईंनी धरले होते. उपाय म्हणून टेनिसच्या रॅकेटला गुंडाळतात ती चिकट पट्टी त्यांनी चामड्यावरून गुंडाळली. सरकणे कमी झाल्यासारखे वाटले, परंतु बाणांचा पसारा उलट वाढला, आणि मूठ इतकी जाड झाली की अंगठा व तर्जनी एकमेकांना टेकेनात. धनुष्य माझ्याकडे आले ते या अवस्थेत. जुने वेष्टन काढून त्या जागी खरबरीत चामडे लावून द्यावे, एवढीच मागणी होती.

ही मागणी जशीच्या तशी मान्य करणे सोपे होते, पण तिच्यात एक गोष्ट जुळत नव्हती. धनुष्याची मूठ हातोडीच्या दांड्यासारखी आवळून धरायची नसते. दोरी ओढली की धनुष्य स्वतःच तळहातावर दाबले जाते. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपासचा हा दाब अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर यावा आणि बोटे केवळ धनुष्य पडू नये इतपत टेकलेली असावीत, अशी अपेक्षा असते. इतक्या वजनाने दाबली गेलेली वस्तू केवळ घामामुळे सरकत असेल, तर एक तर दाब चुकीच्या उतारावर पडत असतो, नाही तर सरकणारा थर आपण समजतो तो नसतो. चिकट पट्टीने बिघाड का वाढवला, तेही याच वळणाने समजते. ओढ वाढत जाते तसा तळहात मुठीवर किंचित हलून आपली जागा घेतो. पृष्ठभाग फार चिकट असेल तर कातडी जिथे पहिल्यांदा टेकली तिथेच अडकून ताणली जाते, तो ताण पीळ होऊन साठतो आणि बाण सुटण्याच्या क्षणी मोकळा होत धनुष्याला वळवतो. क्यूदोमध्ये, म्हणजे जपानी पारंपरिक तिरंदाजीत, तर बाण सुटल्यावर धनुष्य डाव्या हातात गरकन फिरावे लागते, म्हणून मुठीवर घाम चिकटू नये यासाठी तिथले तिरंदाज तळहाताला भाताच्या तुसाची राख लावतात. लाँगबोला इतक्या मोकळेपणाची गरज नाही; तरीही घट्ट पकड देणारी मूठ म्हणजे चांगली मूठ हे समीकरण मला मान्य नाही.

तपासणी

पहिली चाचणी अगदी साधी होती. चिकट पट्टी काढून जुन्या चामड्यावर पाण्याचा थेंब ठेवला. तो न मुरता मण्यासारखा तसाच उभा राहिला, याचा अर्थ चामड्यावर रंगाचा आणि प्लॅस्टिकसदृश लेपाचा थर होता. सोफ्यांसाठी आणि पर्ससाठी विकले जाणारे बरेचसे क्रोम कमावणीचे, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, चामडे असेच लेप दिलेले असते. ते डाग धरत नाही, पण घामही शोषत नाही. तेव्हा बाईंचा संशय अगदीच निराधार नव्हता.

दुसरी बाब जाडीची. कागदाची पट्टी गुंडाळून मुठीच्या सर्वांत अरुंद भागाचा घेर मोजला. चिकट पट्टीसह तो १३७ मिलीमीटर होता, नुसत्या चामड्यावर १२६, आणि पुढे चामडे उतरवल्यावर लाकडाचा घेर ११४ भरला. वेष्टनाची जाडी १ मिलीमीटरने वाढली की घेर सहा मिलीमीटरांहून अधिक वाढतो, हे साधे गणित असूनही मुठीवर थरावर थर चढवताना ते कोणाच्या लक्षात राहत नाही. लहान पंजाच्या व्यक्तीला घेरातला सेंटीमीटरभराचा फरक फार मोठा असतो: बोटे पुरत नाहीत, म्हणून ती आवळली जातात, आणि आवळलेली बोटे धनुष्य पिळतात.

तिसऱ्या चाचणीत बाईंनी डाव्या तळहाताला टाल्कम पावडर लावली, दोरीवर बाण चढवून लक्ष्यासमोर पूर्ण ओढ घेतली आणि बाण न सोडता ओढ सावकाश उतरवली. बाणाशिवाय दोरी सोडणे धनुष्याला घातक असते, त्यामुळे ही चाचणी नेहमी बाण लावूनच आणि बाण सुटला तरी चालेल अशा जागीच करावी. गडद चामड्यावर उमटलेला ठसा बोलका होता. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात जिथे मूठ नीट बसायला हवी, तिथे पावडरीचा मागमूस नव्हता. दाब दोन ठिकाणी एकवटला होता: खाली, जिथे वेष्टनाची दुमडलेली कड उंचवट्यासारखी वर आली होती, आणि बाजूला, लाकडाच्या जवळजवळ चौकोनी राहिलेल्या कडेवर.

बेचका रिकामा का राहिला हे नखाने टकटक करून पाहिल्यावर समजले. त्या भागात आवाज पोकळ येत होता. लाकडाला तिथे आत गेलेली खोबण होती, पण चामडे खोबणीत उतरण्याऐवजी तिच्यावरून आडवे ताणले गेले होते आणि खाली हवा राहिली होती. मूठ हातात असल्यासारखी वाटत नाही, असेही बाई म्हणत; त्याचा अर्थ आता स्पष्ट झाला: बाईंचा हात लाकडाला टेकतच नव्हता.

निर्णायक ठरली ती चौथी चाचणी, आणि मुठीबद्दल तक्रार असलेल्या प्रत्येकाने काहीही विकत घेण्याआधी ती करून पाहावी असे मी आग्रहाने सांगेन. वेष्टनाच्या वरच्या कडेवर, अर्धी चामड्यावर आणि अर्धी लाकडाला लावलेल्या कागदी चिकटपट्टीवर येईल अशी पेन्सिलीची एक सरळ रेघ मारली. बाईंनी हात ओला करून नेहमीसारखे काही बाण सोडले. त्यानंतर रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून जवळपास दोन मिलीमीटर सरकलेले दिसले. म्हणजे तळहात चामड्यावर सरकत नव्हता. चामडेच बाहीसारखे लाकडाभोवती फिरत होते. वर कितीही खरबरीत चामडे लावले असते तरी हे फिरणे थांबले नसते, उलट पकड वाढल्यामुळे अधिकच जाणवले असते.

जुने वेष्टन उतरवताना

पाठीवरची शिवण कापून चामडे सोडवताना हेअर ड्रायर कमी उष्णतेवर आणि हाताला सोसवेल इतकाच वापरला. येथे घाई करण्यात धोका आहे. अशा धनुष्यांचे थर सहसा इपॉक्सी या गोंदाने जोडलेले असतात, आणि साध्या तापमानाला घट्ट होणाऱ्या कित्येक इपॉक्सी ५०-६० अंश सेल्सियसच्या पुढे ताठपणा गमावू लागतात. रंग उतरवण्याची हीट गन मुठीवर धरली तर वेष्टनाबरोबर धनुष्यही सुटण्याची शक्यता असते. चामडे फारसे न ओढता निघून आले. आतला गोंद खोबणीच्या भागात कधी चिकटलाच नव्हता, आणि उरलेल्या भागात घाम शिरून तो चिकट, पिठूळ झाला होता. तो अंगठ्याने चोळून गोळ्या करत काढला आणि शेवटी फडक्यावर थोडे स्पिरिट घेऊन पुसला. स्पिरिटने लाखेचे पॉलिश विरघळते, त्यामुळे जुन्या किंवा हाती बनवलेल्या धनुष्यावर ते आधी झाकल्या जाणाऱ्या जागी लावून पाहावे लागते.

लाकडाचा आकार

खरे काम इथे होते आणि सर्वाधिक वेळही इथेच गेला. पोटाच्या बाजूच्या दोन्ही कडा बारीक कानस आणि पॉलिश पेपरने गोल केल्या. आधी जेमतेम २ मिलीमीटर असलेली त्यांची गोलाई ६ मिलीमीटरपर्यंत नेली. एवढ्यानेच घेर तीनेक मिलीमीटरने उतरला. फायबरग्लासला मात्र हात लावला नाही. त्याचे तंतू धनुष्याच्या लांबीच्या दिशेने धावतात आणि ते आडवे कापले गेले तर तिथून चीर जाऊ शकते. एकाच लाकडातून कोरलेल्या धनुष्याच्या पाठीबाबतही हाच नियम आहे. तिथे पाठीवरचे वर्षवलय अखंड राहणे आवश्यक असते.

राहिली खोबण. ती आधीच्या मालकाच्या पंजाला साजेशी, लांब आणि खोल होती. बाईंच्या लहान हाताचे बेचके तिच्या वरच्या टोकाशी बसे, आणि तळहाताचा मनगटाकडचा भाग खाली उतरून खालच्या उंचवट्यावर दाबली जाई. खोबणीचा खालचा अर्धा भाग भरून काढला तर दाब आपोआप अंगठ्याच्या मुळाशी यावा, असा अंदाज होता. भरावासाठी कॉर्कची शीट सहज मिळते आणि अनेक जण तीच वापरतात. मी चामडे निवडले, कारण पातळ कॉर्क दाबाखाली कालांतराने बसतो आणि आकार बदलतो. कोल्हापुरी चपलांचे तुकडे त्यासाठी उत्तम ठरले. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले हे चामडे घट्ट असते, रापीने, म्हणजे चामडे तासण्याच्या पात्याने, त्याची कड पार शून्यापर्यंत उतरवता येते आणि चपलांचे चिकट सोल्यूशन त्यावर चांगले धरते. मधोमध अडीच मिलीमीटर जाड आणि चारही बाजूंनी उतरता असा साधारण ३५ मिलीमीटर लांबीचा तुकडा तयार केला.

तो लगेच चिकटवला नाही. कागदी चिकटपट्टीने बसवून, वर सुती कापड घट्ट गुंडाळून बाईंना तसाच सराव करायला दिला. पहिल्या आकारात तो करंगळीच्या बाजूला जास्त जाड निघाला आणि मनगट बाहेर ढकलू लागला. त्या बाजूने तासून अंगठ्याच्या बाजूला जाडी राखल्यावर पावडरीचा ठसा बेचक्यापासून अंगठ्याच्या उंचवट्यापर्यंत सलग उमटला. क्यूदोत मुठीच्या हरणाच्या चामड्याखाली कागदाच्या किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवून प्रत्येक जण आपल्या हाताप्रमाणे आकार जुळवतो, आणि चामडे झिजले की दोन्ही बदलतो. आपल्याकडे मूठ म्हणजे धनुष्यासोबत आलेली, न बदलायची गोष्ट समजली जाते. या प्रकरणाचे मूळ मला तरी त्या समजुतीत दिसते.

नवे चामडे आणि शिवण

वरच्या वेष्टनासाठी वनस्पतिजन्य कमावणीचे, लेप न दिलेले, १.१ मिलीमीटर जाडीचे शेळीचे चामडे घेतले. त्यावर ठेवलेला पाण्याचा थेंब काही क्षणांत मुरला आणि डाग गडद झाला. घाम शोषणाऱ्या चामड्याची ही खूण आहे. बाईंना मखमली बाजू, म्हणजे मांसाकडची बाजू, वर हवी होती. ती ओल्या हाताला सुरुवातीला बरी वाटते खरी, पण घाम आणि मळ भरला की तिचे तंतू आडवे पडून ती चिकट व काळपट होते. शेळीच्या चामड्याच्या केसाकडच्या बाजूवर नैसर्गिक दाणेदारपणा असतो आणि तो पुरेसा ठरतो, असे मत मी मांडले व ते बाईंनी मान्य केले.

चामडे कापताना प्राण्याच्या पाठीच्या कण्याची दिशा मुठीच्या घेराभोवती येईल अशी ठेवली, कारण त्या दिशेने चामडे कमी ताणले जाते आणि वेष्टन पुढे सैल पडण्याची शक्यता घटते. कागदी चिकटपट्टीने मुठीचा साचा उतरवून घेतला आणि त्यापेक्षा ४ मिलीमीटर अरुंद तुकडा कापला. ओल्या अवस्थेत शिवण ओढली की ही फट मिटते. दोन्ही टोके रापीने निम्म्या जाडीपर्यंत उतरवली, जेणेकरून जुन्या वेष्टनासारखी उंच कड तयार होऊ नये. कडेपासून ३ मिलीमीटर आत आणि ४-४ मिलीमीटर अंतरावर भोके पाडली. वनस्पतिजन्य कमावणीच्या ओल्या चामड्याला लोखंड लागले की त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी प्रक्रिया होऊन निळसर-काळे डाग पडतात. म्हणून आरी गंजलेली नाही याची खात्री केली आणि चामडे भिजवण्यासाठी स्टीलचे भांडे वापरले.

कोमट पाण्यात बुडबुडे यायचे थांबेपर्यंत भिजवलेले चामडे, लाकडावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळून, तिच्यावर चढवले आणि सैलसर शिवले. खोबणीत ते अंगठ्याने दाबत बसवले आणि वरून सुती पट्ट्यांनी आवळून सावलीत पूर्ण वाळू दिले. उन्हात किंवा पंख्यापुढे घाईने वाळवलेले चामडे आकसून कडक होते. वाळल्यावर ते खोबणीचा आकार धरूनच निघाले, आणि मागच्या वेळी जे झाले नव्हते ते इथे झाले होते: चामडे न ताणता आपणहून खोलगट भागात बसत होते.

चिकटवण्यासाठी चपलांच्या दुकानात वापरतात ते रबरी सोल्यूशन घेतले. पांढरा फेविकॉल लावायला सोपा असतो, चामडे थोडे इकडेतिकडे सरकवता येते. पण साधा पांढरा फेविकॉल घामाच्या ओलीने पुन्हा मऊ पडतो, आणि या मुठीचा इतिहास पाहता ते परवडणारे नव्हते. सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांना लावून बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे लागते, आणि नंतर ते टेकताक्षणी धरते. त्यामुळे आधी खोबणीचा मध्य टेकवला, दोन्ही बाजूंना मेणकागद ठेवला आणि चामडे जुळवत कागद हळूहळू ओढून काढला. शिवण पाठीवर, बोटांखाली ठेवली. दोन सुयांच्या तिरप्या टाक्यांनी चामड्याच्या कडा एकमेकींवर न चढता समोरासमोर भिडल्या. दोन्ही टोकांना मेणाच्या दोऱ्याची अरुंद बांधणी केली. घेर ११८ मिलीमीटर भरला.

मेण आणि तेलाचे पातळ मिश्रण फक्त टोकांना आणि शिवणीला लावले. तळहाताखालचा भाग कोराच ठेवला. चामडे म्हटले की भरपूर तेल पाजायचे ही सवय मुठीच्या बाबतीत टाळलेली बरी. जास्त तेलाने चामडे ढिले पडते आणि लेप दिलेल्या चामड्याइतकेच निसरडे होते.

नंतरचे निरीक्षण

मूठ बदलल्यावर दाबाची जागा बदलते, आणि दाबाची जागा बदलली की मुठीच्या वरच्या व खालच्या पात्यांवरचा, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन बाजूंवरचा, भारही थोडा बदलतो. म्हणून दोरीवर बाण लावण्याची खूण तशीच ठेवून चालत नाही. पिसे नसलेला बाण पिसे असलेल्या बाणांसोबत सोडून पाहिल्यावर ती खूण जेमतेम दीड मिलीमीटर हलवावी लागली. हे न करता नव्या मुठीला दोष देणारे तिरंदाज मी पाहिले आहेत.

पेन्सिलीच्या रेघेची चाचणी ओल्या हाताने पुन्हा केली तेव्हा रेघ सलग राहिली. बाणांचा आडवा पसारा उतरला, आणि बाईंच्या सांगण्यानुसार बोटे आवळण्याची सवय सुटायला त्यानंतरही काही काळ गेला, कारण सैल मुठीशी झगडत झालेली ती सवय होती. सुरुवातीला नवे चामडे त्यांना कडक वाटले. पुढे घामाने आणि हाताच्या तेलाने त्याचा रंग गडद होत ते मऊ झाले. पावसाळ्यात वनस्पतिजन्य चामड्याला बुरशी लवकर धरते, म्हणून सरावानंतर मूठ कोरड्या फडक्याने पुसून धनुष्य काही वेळ उघड्यावर ठेवायचे आणि रेक्झिनच्या बंद पिशवीत ओले घालायचे नाही, एवढीच निगा सांगितली. भिजलेले हे चामडे लेपवाल्या चामड्यापेक्षा सावकाश वाळते, ही त्याची खरी उणीव आहे, आणि संततधार पावसात सराव करणाऱ्याला ती जाणवेल.

पावसाळा संपल्यावर धनुष्य तपासणीसाठी पुन्हा आले. खोबणीतले चामडे सर्वत्र चिकटलेले होते आणि नखाने वाजवल्यावर कुठेही पोकळ आवाज येत नव्हता. खालच्या टोकाची दोऱ्याची बांधणी मात्र सैल झाली होती. ती उसवून नव्याने बांधली. करंगळीखाली मुठीची खालची धार अजून थोडी टोचते अशी बाईंची नवी तक्रार आहे. ती दूर करायची तर वेष्टन उतरवून लाकडाचा खालचा उंचवटा तासावा लागेल, आणि स्पर्धांचा हंगाम उरकेपर्यंत ते काम करायचे नाही असे त्यांनीच ठरवले आहे.